खिरणीखालच्या बाई

दोर बांधायच्या आधी बाई खिरणीच्या बुंध्यावर तळहाताने दोनदा थापटायच्या. जू ठेवायच्या आधी गाडीवान बैलाच्या पाठीवर थाप मारतो ना, तसं. मग मान जराशी तिरपी करून विचारायच्या, "आहेस ना गं?"

खिरणी काय बोलणार! पण बाईंना उत्तर मिळालेलं असायचं. ओढणी कमरेला बांधून त्या शिडीवर चढत, फांदीला दोर आवळत, आणि सगळ्यांत आधी स्वतः त्याला लटकून बघत. त्यानंतर मुलींची पाळी.

देवासच्या आमच्या सरकारी कन्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या आणि मी गणिताची. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मुली त्यांना मैडम म्हणत, मी बाई म्हणे, आणि त्या मला गणितबाई. याहून वेगळ्या नावांची आम्हाला कधी गरज पडली नाही. आमची मराठीही माळव्यातली. "गणितबाई, चहा उकळून राहिला आहे, लवकर या," असं त्या दारातून ओरडायच्या. पुण्याकडचे पाहुणे या वाक्याला हसतात. हसू देत. चहा तर मिळायचा.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या. पाहणाऱ्याला वाटावं, यांना जिना चढताना धाप लागत असेल. तुम्हीही पहिल्यांदा तसंच समजला असता. त्यांचे वडील आखाड्यातले जुने मल्लखांबपटू. लहानपणी बाई त्यांच्या मागोमाग आखाड्यात जात, मल्लखांबावर चढत. वयात आल्यावर घरच्यांनी ते बंद केलं. "मोठी झालीस" एवढं एकच कारण सांगितलं होतं म्हणे. बाई ही हकीकत एकदाच बोलल्या, वह्यांचा गठ्ठा बांधता बांधता. नंतर गाठ मारली आणि विषय संपला.

शाळेत आल्या तेव्हापासून मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायचा असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. शाळेला हॉल होता, पण छत पत्र्याचं, दोर टांगणार कुठे? आखाड्यात वेळ मिळे तो भर दुपारचा, तोही मुलगे आले नाहीत तर. एका दिवशी बाई मागच्या फाटकातून बाहेर पडल्या आणि मारुतीच्या देवळाच्या आवारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे खिरणीची तीन जुनी झाडं होती.

तुमच्याकडे खिरणी नसेल तर सांगते. काळपट हिरवं, गच्च पानांचं, बारा महिने सावली देणारं झाड. पानं फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी येतात. वैशाखात निंबोळीसारखी, पण तिच्याहून मोठी, पिवळीधमक फळं लागतात. गोड आणि चिकट. झाड वाढतं इतकं सावकाश की आजोबांनी पाहिलेला बुंधा नातवालाही तेवढाच दिसतो. आणि लाकूड असं कठीण की कुऱ्हाड तोंड फिरवते.

देवळाचे पुजारीकाका आमच्यासारखेच मराठी, जुन्या दरबारी घरातले. ते कुरकुरले, "देवाचं झाड आहे. त्याला पोरी लटकणार?"

बाई म्हणाल्या, "काका, देव कोण आहे तुमचा?"

"मारुती."

"मग तो काय करत होता झाडावर?"

पुजारीकाकांनी गाभाऱ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि शिडी कुठे ठेवली आहे ते सांगितलं.

फांदी किती वजन पेलेल ते बघायला बाईंनी मला बोलावलं. "गणितबाई, तुम्हीच या. स्टाफमध्ये तुमच्याइतकं भरवशाचं वजन कुणाचं नाही." मी आधी रागावले. मग पदर खोचला आणि दोर धरून पाय उचलले. इकडे शिपाईबाई, तिकडे पुजारीकाका, मधे मी, घंटेसारखी. फांदीचं पानसुद्धा हललं नाही. बाई माझ्याकडे न बघता झाडाकडे बघत राहिल्या. लग्नात मुलीची आई नवऱ्या मुलाकडे बघते, तशा.

मुली आल्या त्या आसपासच्या वस्त्यांमधल्या. कुणाचा बाप कारखान्यात, कुणाचा रिक्षावर, कुणाचा धान्यमंडीत पोती उचलायला. सगळ्यांची बोली माळवी, शाळेची भाषा हिंदी. बाई शिकवायच्या हिंदीतच. पण मुलगी वर गेली, दोर पायाच्या अंगठ्यात धरून उलटी झाली आणि घाबरली की बाईंच्या तोंडून मराठी निघायची.

"वर बघ. खाली मी आहे."

मराठीचा गंध नसलेल्या त्या पोरींना ही दोन वाक्यं पाठ होती. वर्गात कुणाचं गणित अडलं की मागच्या बाकावरून दुसरी कुजबुजायची, "वर बघ, खाली मी आहे." मी फळ्याकडे तोंड करून हसून घ्यायची.

खिरणीच्या दिवसांत मात्र बाईंची शिस्त कडक. सरावाआधी फळाला हात लावायचा नाही. खिरणीच्या फळात चीक असतो. चार फळं जास्त खाल्ली की ओठाला ओठ चिकटतात, मग तेल लावून सोडवावे लागतात. सराव झाल्यावर मुली फळांवर तुटून पडत आणि तशाच माझ्या उन्हाळी वर्गाला येत. इतका शांत वर्ग मला वर्षभरात दुसरा मिळत नसे. पाढा विचारला की मुली नुसत्या माना हलवायच्या.

जीवशास्त्राच्या मॅडमनी एकदा सांगितलं की खिरणी आणि चिकू वनस्पतिशास्त्रात एकाच वंशात धरतात. चिकू आला परदेशातून, खिरणी इथली. पण चिकूची कलमं बांधतात ती खिरणीच्या रोपावर, कारण खिरणीचं मूळ चिवट. हे ऐकून बाईंना जो आनंद झाला तो मला पगारवाढीनेही झाला नसता. संध्याकाळी बाजारात त्यांनी चिकूवाल्याला थांबवलं. "भिया, ये किसके पैरों पर खड़ा है, मालूम है?" चिकूवाल्याने घाबरून चिकूखाली बघितलं. बाई म्हणाल्या, "हमारी खिरनी के!" आणि अभिमानाने पुढे निघाल्या. चिकू काही घेतले नाहीत.

असं सगळं नीट चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात ठेकेदार बदलला.

देवळाच्या झाडांच्या फळांचा दरवर्षी लिलाव होई. आधीचा ठेकेदार म्हातारा होता. तो सावलीत खाट टाकून मुलींचा सराव बघत बसे. नवा आला तो धारचा. धार-मांडूकडची खिरणी प्रसिद्ध. त्याचा हा पिढीजात धंदा. त्याने आल्या आल्या आवाराला जाळी लावली आणि बाईंचा दोर सोडून, गुंडाळून देवळाच्या पायरीवर ठेवला.

उज्जैनला राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, तोंडावर आलेली. आमच्या शाळेतल्या तीन मुली जाणार होत्या. त्यांतली किरण तर अशी तयार झाली होती की बाई तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत.

बाई जाळीपाशी गेल्या. मी सोबत होते.

ठेकेदार हात जोडून म्हणाला, "मैडमजी, फसल मेरी है. बारिश तक इधर कोई नहीं आएगा. नीचे लड़कियाँ, ऊपर मेरे आदमी, किसी को लग गई तो?"

बोलण्यात खोट नव्हती. आत त्याची माणसं लांब काठ्यांनी फांद्या झोडपत होती. खाली पसरलेल्या चादरीवर पिवळी फळं पडत होती, हिरवी पडत होती, आणि त्यांच्यासोबत कोवळे शेंडे. बाईंनी वाकून एक तुटलेला शेंडा उचलला.

"इसमें अगले साल का फूल था," त्या म्हणाल्या.

"तो क्या करें? हाथ से तोड़ने बैठें? पतली डाल पर आदमी चढ़ता नहीं."

"लड़की चढ़ती है."

ठेकेदार हसला. वाईट नाही हसला, पण हसला. बाईंनी चपला काढल्या. पायरीवरचा दोर खांद्यावर घेतला, जाळी उचलून आत शिरल्या. बुंध्यावर दोन थापा मारल्या. माझ्या हातातली कापडी पिशवी काढून घेतली, तिच्यातला डबा माझ्याकडे परत दिला, आणि पिशवी कमरेला बांधली.

पन्नाशीची ती बाई सलवार-कुडत्यात वर गेली. बाहेरच्या फांदीला दोर बांधला, त्यावरून थोडी खाली उतरली, अंगठ्यात दोर पकडून अंग मोकळं सोडलं आणि दोन्ही हातांनी खिरण्या तोडायला लागली. पिकलेली तेवढीच. हिरवी हाताने बाजूला सारून. काठ्यावाले काठ्या टेकून बघत राहिले. पुजारीकाका आरती थांबवून बाहेर आले.

खाली उतरून त्यांनी पिशवी ठेकेदारापुढे धरली. एकही फळ फुटलेलं नव्हतं. त्याने एक तोंडात टाकलं, बी काढून तळहातावर ठेवली. पुष्कळ वेळ चावत राहिला.

"सुबह कितने बजे आती हैं लड़कियाँ?" त्याने विचारलं.

जाळी निघाली. ठरलं असं की मुली पहाटे सराव करतील, मग तासभर फळं उतरवतील. ठेकेदार त्या बदल्यात नवे दोर आणि गाद्या देईल. बाई म्हणाल्या, "गणितबाई, हाच सराव. उलटं लटकून दोन्ही हात मोकळे ठेवायचे, तेही हसत. परीक्षक तरी दुसरं काय मागतात?"

पण गोष्ट वस्तीत पोचली ती वेगळ्याच तऱ्हेने. शाळेतल्या पोरींना ठेकेदाराच्या कामाला लावलं आहे म्हणून. दुसऱ्याच दिवशी किरणचे वडील आले. मंडीत पोती वाहणारा उंच, रुंद माणूस. गमछा गळ्यात.

"मैडम, म्हारी छोरी झाड़ पे नी चढ़े," त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

बाई त्यांना म्हणाल्या, "भैयाजी, तुम्ही तिला कधी वर बघितलं आहे?" हे मराठीत म्हणाल्या. मग लक्षात येऊन हिंदीत. नाही, त्यांनी बघितलं नव्हतं. सकाळी त्यांची मंडीची वेळ. "मग आज बघा. नंतर घेऊन जा. मी अडवणार नाही."

किरण वर गेली. तिला माहीत होतं, बाप खाली उभा आहे. दोरावर तिने एक पाय आवळला, मान मागे टाकली, आणि उलटी होऊन हळूहळू हात सोडले. सकाळचं ऊन पानांतून तिच्यावर पडत होतं. मग ती फळं तोडू लागली, घरात बसून शेंगा सोलाव्यात इतक्या निवांतपणे. बापाचे घडी घातलेले हात कधी सुटले, त्याला कळलं नसावं.

आणि तेवढ्यात पलीकडच्या पिंपळावर वानर उडी मारून आलं. पिंपळावर आग्या मोहोळ होतं. कुणाच्या ध्यानीमनी नसताना ते फांदीसकट हललं.

आधी आवाज आला. मग माशा.

आवारात पळापळ झाली. बाकीच्या दोन मुली गाद्यांवर बसल्या होत्या. त्यांना ओढत मी फाटकालगतच्या वर्गात नेलं आणि खिडक्या लावून घेतल्या. काचेतून मला दिसत होतं ते सांगते.

किरण वर उलटी लटकलेली. घाबरून तिने हातपाय मारले असते तर दोर झोके घेऊ लागला असता आणि ती डोक्यावर आली असती. खाली बाई उभ्या होत्या. त्यांनी दोराचं टोक दोन्ही हातांनी धरून ताठ ओढून ठेवलं होतं. हात गुंतलेले, म्हणून माशा वारता येत नव्हत्या. चेहऱ्यावर, मानेवर, मनगटांवर माशा. त्या हलल्या नाहीत.

"डोळे मीट," बंद काचेतूनही मला ऐकू आलं. "डोळे मीट गं. खाली मी आहे."

किरणने डोळे मिटले. सरळ झाली. त्या ताठ दोरावरून घसरत खाली आली. बाईंनी तिला छातीशी ओढलं, ओढणी तिच्या डोक्यावरून गुंडाळली आणि स्वतः तिच्यावर ओणव्या झाल्या. तोवर ठेकेदाराने आणि किरणच्या वडिलांनी दोन बाजूंनी ताडपत्री ओढत आणली होती. त्या दोघींवर ती टाकून ते दोघंही आत शिरले. पुजारीकाकांनी पालापाचोळा पेटवून धूर केला.

किरणला माशा डसल्या त्या बोटांवर मोजता आल्या असत्या. बाईंना किती, ते जिल्हा रुग्णालयातल्या नर्सने काटे काढता काढता मोजायचं सोडून दिलं.

संध्याकाळी बाईंचे यजमान बँकेतून थेट रुग्णालयात आले. शांत, सरळ माणूस. पलंगासमोर उभे राहून त्यांनी मला विचारलं, "आमच्या सौ. कुठल्या वॉर्डात आहेत?" पलंगावरून सुजलेला आवाज आला, "अहो, चष्मा पुसा."

किरणचे वडील बाहेर पायरीवर बसून होते. उशिरा आत आले. गमछा हातात चुरगाळत म्हणाले, "मैडम, अबे छोरी थांकी."

बाईंना डोळे उघडता येत नव्हते. म्हणाल्या, "माझी कशाला? तुमचीच राहू दे. उज्जैनला तेवढी पाठवा."

उज्जैनला आम्ही गेलो तेव्हाही बाईंची सूज पुरती उतरली नव्हती. ओठ असे की शिट्टी वाजेना. त्या टाळ्या वाजवून मुलींना सूचना देत होत्या. इतर शाळांचे प्रशिक्षक वळून वळून बघत. एकाने सहानुभूतीने विचारलं, "मैडम, क्या हुआ?" बाई म्हणाल्या, "खिरनी खाई थी." आणि मग आमच्या तिघी मुलींना जे हसू फुटलं, त्याने त्यांची सगळी भीती गेली.

तिघींपैकी दोघी राज्याच्या संघात आल्या. किरण पहिली. निकाल ऐकून किरणच्या वडिलांनी पिशवीतून झेंडूचा हार काढला आणि बाईंच्या गळ्यात घालायला पुढे झाले. बाईंनी तो मधेच धरला, किरणकडे वळवला. "मला घालाल तर पुन्हा माशा येतील." नंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना चिकूचं मिल्कशेक पाजलं. "घरचंच आहे, प्या," म्हणाल्या.

पुढल्या वर्षी लिलावाच्या आधीच ठेकेदार शाळेत हजर. "मैडमजी, बोली लगाऊँ? लड़कियाँ आएँगी न?" त्या वर्षी खिरणी अशी लदबदली होती की पुजारीकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायला न्यायचे. झोडपलं नव्हतं ना. शेंडे शाबूत होते.

त्याच वर्षी बाईंची बदली झाली. धारला. सरकारी नोकरीत बदली व्हायचीच, पण आम्हाला ती लागली. शेवटच्या दिवशी मुली दोराला धरून रडत होत्या. बाईंनी किरणला बाजूला नेलं, दोर आवळायची गाठ तिच्याकडून पुन्हा पुन्हा बांधून घेतली, जोराने ओढून बघितली. तेवढाच त्यांचा निरोप.

धारमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं, एक ठेकेदार सोडला तर. पण त्याला धारमधलं एकूण एक खिरणीचं झाड माहीत होतं. रविवारी त्याने बाईंना आणि त्यांच्या यजमानांना आपल्या टेम्पोत बसवलं आणि झाडोझाड फिरवलं. हे फोनवर मला यजमानांनी सांगितलं. "प्रत्येक झाडाला थापट्या मारते आहे. मी आपला टेम्पोत. लोकांना वाटतं, सोयरीक जमवायला आलो आहोत." अखेर एका जुन्या बगीच्यातलं झाड पसंत पडलं. धारच्या मुलीही वर जाऊ लागल्या.

मधे वर्षं गेली. किरणने पदवी घेतली, खेळाचं शिक्षण घेतलं आणि आमच्याच शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आली. तिने दोर बांधला तो त्याच फांदीला. मी निवृत्तीला आले होते, तरी स्पर्धेला मुलींसोबत जायचं हे माझं काम मी सोडलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तो प्रसंग.

उज्जैनला विभागीय स्पर्धा होती. शेवटी उरले दोनच संघ, धार आणि देवास. एका बाजूला बाई. केस पांढरे, अंग पूर्वीपेक्षा उतरलेलं. दुसऱ्या बाजूला किरण. सकाळी किरण त्यांच्या पाया पडली तेव्हा बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आज मी समोरची आहे. लक्षात ठेव."

आमच्या शेवटच्या मुलीने फार सुंदर केलं. उलटी असताना एका क्षणी तिचा पाय दोरापासून सुटला आणि लगेच दुसऱ्या पायाने तिने पकड घेतली. परीक्षकांनी पाय निसटला म्हणून गुण कापले. पाटीवर आकडे लागले. धार पहिलं, देवास दुसरं. धारच्या मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या.

किरण उठली आणि परीक्षकांच्या टेबलापाशी गेली. आवाज चढवला नाही, पण मागेही सरली नाही. "सर, पैर छूटा नहीं है. छोड़ा है. यही पकड़ बदलना मैंने सिखाया है."

परीक्षक आपसांत बोलले. दोघांचं एक मत, दोघांचं दुसरं. वाद वाढला. धारचे पालक पुढे आले, देवासचे पुढे आले. तेव्हा मुख्य परीक्षकांनी मान वर करून सभोवार बघितलं आणि म्हणाले, "धार की मैडम यहाँ सबसे पुरानी हैं. मैडम, आपने देखा? आपको क्या लगा?"

धारच्या मुली बाईंना बिलगून उभ्या होत्या. एकीने तर त्यांचा कुडता मुठीत धरला होता. किरणने बाईंकडे बघितलंच नाही. ती टेबलाकडे बघत उभी राहिली, ताठ.

बाईंनी कुडता धरलेली ती मूठ अलगद सोडवली.

"छूटा नहीं," त्या म्हणाल्या. "छोड़ा था."

आकडे बदलले. देवास पहिलं.

आमच्या मुलींनी किरणला उचललं, तेव्हा मी बाईंकडे गेले. बाईंचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, यांना निकाल उलटाच कळला की काय. माझं मनगट त्यांनी घट्ट पकडलं.

"बघितलंत, गणितबाई? माझ्याविरुद्ध भांडली. एकदासुद्धा माझ्याकडे वळून बघितलं नाही!"

"तुमच्या मुली हरल्या हो, बाई," मी म्हटलं.

"या हरल्या," त्यांनी रडणाऱ्या धारच्या मुलींकडे हात केला, मग त्या गोंगाटाकडे. "आणि त्या जिंकल्या. कुणाच्या आहेत त्या? सांगा ना."

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाई गेल्या. धारलाच, थोडक्या आजाराने. किरणला कळलं तेव्हा ती सरावात होती. तिने मुलींना खाली उतरवलं, दोर सोडून घेतला आणि मला सोबत घेऊन धारची बस पकडली. बगीच्यात पोचलो तर धारच्या मुली झाडाखाली बसून होत्या. रोजची वेळ झाली म्हणून आल्या होत्या, पण दोर कुणी बांधावा ते कुणालाच कळत नव्हतं. किरणने शिडी मागितली.

पण मला बाई दिसतात त्या त्या निकालानंतरच्या, उज्जैनच्या बस-स्टँडवरच्या. धारची गाडी सुटायला आली होती. मुली आत जाऊन बसल्या होत्या, अजून मुसमुसत. बाई पायरीवर चढल्या आणि तिथूनच त्यांच्यावर ओरडल्या, "रडता कशाला? तुम्हाला हरवलं ती पोरगी कुणी शिकवली, ते विचारा की कुणालाही!"

कंडक्टरने घंटी दिली. बस हलली. आतल्या सगळ्या जागा मुलींनी भरल्या होत्या, म्हणून बाई मधल्या वाटेत उभ्या होत्या, खिडक्यांतून बाहेर डोकावत, आमचा चषक कुणाच्या हातात आहे ते शोधत.